नेमसिंगचा डावा पाय

परवा पुण्याहून भाच्याचा फोन आला. त्यानं हौसेनं एक पळणारी गाडी घेतली हाय, जमिनीले घासत चालते अन् उभी असली तरी गुरगुरते. तिचा क्लच गेला म्हणे. नुसता क्लच बदलाचे इतके पैसे सांगून राह्यले की त्यात एखादी जुनी मोटार आली असती, असं तो रडकुंडीले येऊन सांगत होता. मले हसू आलं, तो चिडला. त्याले काय माहीत, त्याच्या आजोबानं दिग्रसले बसून हाच खर्च केलता, अन् एकदा नाही. म्हटलं बाबू, फोनवर नाही जमत, लिहून ठेवते. अन् क्लचचं लिहाचं म्हटलं की नेमसिंगचं लिहावंच लागते, त्याले इलाज नाही.

आमचे बाबा सदाशिवराव. त्यायचं दिग्रसले जिनिंग होतं. हिवाळाभर कपाशीच्या गाड्या दारात उभ्या, अन् रुई उडून उडून भाजीत, केसात, देवाच्या समईत. बाबाले दोनच नाद, कडक चहा अन् वेग. आता वेगाचा नाद असलेल्या माणसाले निदान सायकल तरी यावी ना? ती येत नव्हती. अन् सत्तावन्न साली त्यायनं अमरावतीच्या एका देशमुखाकडून अमेरिकन मोटार आणली. काळी, आठ सिलिंडरची, लांब इतकी की जिनिंगच्या फाटकातून एका दमात वळत नव्हती. दाबली की पाठ गादीले चिकटायची. आई म्हणाली, "दारात हत्ती बांधला, आता घाला चारा." माझी आई तानाबाई कमी बोलायची, पण बोलली की बाबा चहाचा कप खाली ठेवायचे.

सगळ्यायले वाटलं, बाबा आता नागपूरहून टोपीवाला ड्रायव्हर आणतीन. त्यायनं आणला नेमसिंग.

नेमसिंग बंजारा. गावाबाहेरच्या तांड्यावर राहायचा अन् आमच्या कपाशीच्या गाड्या हाकायचा. उंच, सडसडीत, मिशा मोठ्या अन् आवाज बारीक. त्याच्या हातात बैल टोचायची तुतारी कोणी कधी पाह्यली नाही, बैलाले टोचणं त्याले माहीतच नव्हतं. गाडीच्या पुढं धुरीवर बसला की डावा पाय बैलाच्या मांडीले लावून ठेवायचा, अन् अंगठ्यानं जरासं दाबलं की बैल समजून जायचा. थांब, चाल, दम धर, सगळं त्या अंगठ्यात. बाबाचं म्हणणं, जो जनावराले जपते तो यंत्रालेही जपन. लोक हसले. बाबानं त्याले यवतमाळले शिकाले पाठवलं. तो लायसन घेऊन आला, अन् आल्या आल्या गाडीच्या बॉनेटले कुंकू लावून तिच्या पाया पडला.

त्याच्या आजाचा बैलायचा मोठा कारवा होता. पाठीवर मीठ, धान्य लादायचं अन् महिने महिने चालत राहायचं, हाच त्यायचा धंदा. मग रेल्वे आली अन् बैल रिकामे झाले. नेमसिंगच्या बापाच्या हाती शेवटी दोन बैल अन् एक घुंगुरमाळ राह्यली. हे नेमसिंग रडून सांगायचा नाही. पण दारव्ह्याहून यवतमाळले जाताना त्या छोट्या रेल्वेचे रूळ सडकेच्या बाजूले आले अन् गाडी दिसली, की बाबा म्हणायचे, "होऊ दे." नेमसिंग दाबायचा. डब्यातली माणसं हात हलवायची, आम्ही खिडकीतून ओरडायचो, अन् आगगाडी मांग पडली की तो मिशीतल्या मिशीत म्हणायचा, "आजा पाहून राह्यला असन." त्या सीटवर बसणं ही त्याची नोकरी नव्हती. रेल्वेनं जे त्याच्या घराचं नेलतं, ते त्याले तिथं बसून परत भेटायचं. ती सीट गेली असती तर त्याचं काय झालं असतं, हे त्या वयातही मले समजत होतं.

अन् वर्ष सरत नाही तर गाडीनं दम सोडला. इंजिन बोंबलायचं अन् गाडी जागची हलायची नाही. यवतमाळहून कादरमिस्त्री आले. त्यायनं रुईच्या गाठी उचलायच्या साखळीच्या कप्पीनं गाडीचं पोट उघडलं, गिअरबॉक्स काढून सरकीच्या ढिगावर निजवला, अन् आतून एक चकती काढली. भाकरीएवढी होती, अन् तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी काळी. मग त्यायनं बाबाले समजावून सांगितलं. इंजिन फिरते, चाकाले फिराचं असते, मधात ही चकती. पाय दाबला की दोघं सुटतात, पाय काढला की एकमेकाले घट्ट धरतात. अर्धवट दाबून ठेवला तर धड सुटत नाही, धड धरत नाही, नुसतं घासत राहते. अन् साध्या गाडीची गोष्ट वेगळी, आठ सिलिंडरची ताकद घासली तर मधात काय उरन?

मग त्यायनं नेमसिंगले सीटवर बसवलं अन् नुसतं त्याच्या पायाकडं पाहत राह्यले. घोडं तिथंच पेंड खात होतं. नेमसिंगचा डावा पाय क्लचवर ठेवलेला, हलका, बैलाच्या मांडीवर ठेवावा तसा. त्याले स्वतःले पत्ताच नव्हता. नागपूरच्या ड्रायव्हरच्या हातून ही चूक झालीच नसती, कारण ज्यानं जन्मभर बैल हाकले नाहीत त्याले असा पाय ठेवताच येत नाही. कादरमिस्त्री म्हणाले पाय बाजूले ठेवत जा, तर नेमसिंगले राग आला.

"पाय काढला तर तिले कसं समजन, मी हाय म्हणून?"

कादरमिस्त्रीनं कपाळाले हात लावला. बाबा मात्र हसले नाहीत.

चकती मुंबईहून मागवावी लागली. ती रेल्वेनं दारव्ह्याच्या ठेसनावर आली, तिथून बैलगाडीनं आमच्या घरी. चकतीसोबत तिची दाबणारी प्लेट, बेअरिंग, स्प्रिंगा, मिस्त्रीची मजुरी, अन् मिस्त्रीले रोज मटण, त्याबिगर त्यायचा पाना फिरत नव्हता. एका चांगल्या बैलजोडीचे पैसे गेले. वरून ऐन कपाशीच्या हंगामात बाबा बैलाच्या दमणीतून बाजारात जायचे, अन् व्यापारी विचारायचे, हत्तीले बरं नाही का शेठ? हा खर्च तर कोणत्याच दुकानदारानं लावला नव्हता, पण बाबाले तोच जास्त लागला.

नेमसिंगनं काय कमी उपाय केले? डाव्या पायाले दोरी बांधून पाह्यली. एकदा तर जेवाले बसल्यासारखा डावा पाय मांडीखाली मुडपून बसला, अन् वळणावर पाय वेळेवर निघालाच नाही, लिंबाचं झाड थोडक्यात वाचलं. आई मागच्या सीटवरून म्हणाली, "नेमसिंग, ताट वाढू का?" पण खोड काही जाईना. साठ साली दुसरा क्लच गेला. पुन्हा मुंबई, पुन्हा दारव्हा, पुन्हा मटण. या खेपेस बाबा गप्प होते, अन् बाबाचं गप्प राहणं वाईट. गाडी दुरुस्त झाली तेव्हा त्यायनं नेमसिंगले ओसरीवर बोलावलं.

"तिसऱ्यांदा जळला तर मले बोलाले लावू नको. तूच उतर."

नेमसिंग "हो मालक" म्हणाला. त्याचा चेहरा मी पाह्यला होता. दोन दिवस मले जेवण गेलं नाही, असा राग आला होता बाबाचा.

उपाय काढला त्याच्या बायकोनं, रुपीबाईनं. तिनं सासऱ्याच्या घुंगुरमाळेतलं एक घुंगरू तोडलं अन् नवऱ्याच्या हातात दिलं, म्हणाली, क्लचवर बांध. त्यायच्या लोकायची जुनी रीत अशी, की रातच्या वाटेत बैल चालत राहायचे अन् माणसं आळीपाळीनं गाड्यावर डुलक्या घ्यायची. पुढच्या बैलाचे घुंगरू वाजतात तोवर निजा. घुंगरू गप झाले की उठा, काहीतरी चुकलं. नेमसिंगनं ते घुंगरू बरोबर पाय पडतो तिथं बांधलं. पाय बाजूले असला की गाडीच्या हिसक्यानं ते सारखं वाजायचं. पाय वर ठेवला की दबून गप.

मग काय, आम्ही सगळेच कान लावून बसायचो. जरा गप झालं की मागून आई म्हणायची, "नेमसिंग, घुंगरू." तो दचकून पाय उचलायचा. हळूहळू सांगावं लागेनासं झालं. दिग्रसच्या बाजारात लोक हॉर्नच्या आंधी घुंगरू ऐकून बाजूले व्हायचे. तो आवाज माझ्या कानात अजून हाय. फ्रीजवर ठेवलेली चमचायची बरणी कधी कधी तशी किणकिणते, अन् मी उगीच खिडकीजवळ जाऊन पाहते. बह्याडच हाय मी.

त्याच सालात नेमसिंगच्या पुतणीचं लग्न होतं. रुपीबाईनं मले अन् आईले तांड्यावर बोलावलं. तिथं मी पहिल्यांदा पाह्यलं, की निघायच्या वेळी नवरी बैलाच्या पाठीवर उभी राहते अन् गात गात रडते. मायबापाचं, घराचं, शेरडायचं, साऱ्यायचं नाव घेऊन रडते. बैल मात्र जागचा हालत नव्हता. नेमसिंग त्याच्या बाजूले आपला पाय बैलाच्या पायाले लावून उभा होता. मी त्याले विचारलं, बैल भडकत काहून नाही? तो म्हणाला, "पोरीचं रडणं सरत नाही तोवर बैल हाकत नाही, इंदूबाई. मी त्याले पायानं सांगून राह्यलो, थांब, थांब." आई ते ऐकत होती.

एकसष्टच्या वैशाखात माझं लग्न झालं. ढाणकीले दिलं मले. त्याच्या आदल्या पावसाळ्यात आई विहिरीजवळ घसरली होती अन् तिचा गुडघा कामातून गेला होता, घरातल्या घरात भिंत धरून चालायची. बाबानं तिले बजावलं, तू दारातूनच निरोप दे. अन् ते मांडवात वऱ्हाड्यायले ट्रकात बसवाच्या गडबडीत लागले.

आमच्याकडं पाठवणीची गाडी एकदा निघाली की गावच्या पुलाच्या अलीकडं थांबवत नाहीत, अपशकुन मानतात. नेमसिंगनं गाडी सुरू केली. मी अन् आमचे हे मागं बसलो. अन् फाटकातून गाडी बाहेर निघाली तर काय, माझ्या खिडकीची चौकट धरून आई चालून राह्यली. काठी नाही, काही नाही. मी म्हणाले आई जा, पाय दुखन. तिनं ऐकलं नाही.

फाटकापासून पुलापर्यंत चढ हाय. ती गाडी पहिल्या गिअरमध्येही घोड्यासारखी निघायची, तिले हळू चालणं माहीतच नव्हतं. अन् थांबवता येत नव्हती. मी आईकडं पाहत होते म्हणून मले उशिरा समजलं, की घुंगरू वाजून नाही राह्यलं. पहिल्यांदा मी तोंड उघडलं, "नेमसिंग, घुंगरू" म्हणाले. मग त्याची मान दिसली, घामानं निथळलेली, अन् आरशात त्याचे डोळे दिसले. तो आईच्या पायाकडं पाहत होता. मी तोंड मिटलं. गाडी एका लंगड्या बाईच्या चालीनं चढ चढत होती.

अन् आई बोलत होती. माझी आई, जी दिवसात दहा वाक्य बोलत नव्हती, ती त्या चढावर जन्माचं बोलली. सासूच्या आंधी जेवू नको पण भुकेलीही राहू नको. दुखलं खुपलं तर सांगाले लाजू नको. तिच्या पाठवणीले तिची माय जिवंत नव्हती, म्हणून तिले कोणीच काही सांगितलं नाही, सगळं ठेचा खाऊन शिकावं लागलं, हे तिनं मले तेव्हा सांगितलं. तिची पहिली लेक वारली, त्यानंतर मी झाली, अन् वर्षभर तिनं भीतीनं माझं नावच ठेवलं नाही, हेही तेव्हाच सांगितलं. मले ते काहीच माहीत नव्हतं. मी चौकटीवरचा तिचा हात धरून नुसती रडत होते.

गाडीत जळका वास सुटला. आमचे हे नाक वर करून म्हणाले, काही जळून राह्यलं का? नेमसिंग म्हणाला, "कोणी कचरा पेटवला असन, जवाईबापू."

पूल आला. आईनं स्वतःच हात काढला. नेमसिंगनं पाय उचलला अन् घुंगरू वाजाले लागलं.

आम्हाले त्यानं ढाणकीले बरोबर पोचवलं. पण परत येताना पुसद सोडल्यावर चढावर गाडीनं राम म्हटला. त्यानं जवळच्या तांड्यावरून बैल मागून आणले, गाडीले जुंपले, अन् भर बाजारातून दिग्रसले आणली. आठ सिलिंडरची मोटार बैलामागं चाललेली पाहून लोक दुकानातून बाहेर येऊन हसले. नेमसिंग बैलापुढं पायी चालत होता. घरी आल्यावर बाबानं विचारलं काय झालं, तर त्यानं "पाय राह्यला, मालक" एवढंच सांगितलं. किल्ली बाबाच्या चहाच्या कपाजवळ ठेवली, क्लचवरचं घुंगरू सोडून घेतलं अन् तांड्यावर निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून लोकायच्या वावरात खताच्या गाड्या हाकाले लागला.

यातलं काहीच मले माहीत नव्हतं. दिवाळीले मले आणाले गाडी आली, तर सीटवर टोपीवाला ड्रायव्हर. ढाणकीपासून दिग्रसपर्यंत गाडीत घुंगरू वाजलं नाही. घरी पोचल्याबरोबर मी विचारलं, नेमसिंग कुठं हाय? बाबा चहा घेत होते. म्हणाले, "जित्याची खोड, इंदू. माणूस सोन्यासारखा, पण पाय बैलाचाच राह्यला. तिसराही जाळला त्यानं."

"बाबा, आई चालत होती," मी म्हणाले.

मग सगळं सांगितलं. चढ सांगितला, खिडकी सांगितली, घुंगरू सांगितलं. बाबानं कप खाली ठेवला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्याकडं पाहून ते म्हणाले, तू पुलापर्यंत चालत गेलती?

"नाही तर काय उडत गेलती?" आई म्हणाली. "मले वाटलं, मोटार चालतेच तशी. त्याची सीट जळून राह्यली हे मले कोणी सांगितलं?"

ती पदर तोंडाले लावून आत गेली. बाबा रात्री जेवले नाहीत.

सकाळी मले घेऊन बाबा तांड्यावर गेले. कापूस वेचणं सुरू झालं होतं. नेमसिंग कोणाची तरी भरलेली गाडी घेऊन निघाला होता, धुरीवर बसलेला, पाय बैलाच्या मांडीवर. आम्हाले पाहून खाली उतरला, मले म्हणाला, इंदूबाई वाळली. बाबानं त्याले विचारलं, तिसरी वेळ हाय हे माहीत होतं ना तुले? मंग मले सांगितलं काहून नाही?

"गाडीले पळता येते, मालक, थांबता येते. चालता नाही येत," तो म्हणाला. "बाई चालत होत्या. सांगितलं असतं तर क्लच त्यायच्या नावावर गेला असता. पाय तर माझा होता."

बाबा बराच वेळ त्या बैलाच्या पाठीवर हात फिरवत उभे राह्यले. माझे बाबा रागावलेले मी पुष्कळदा पाह्यले, असे कधी पाह्यले नव्हते. मग किल्ली काढून त्यायनं नेमसिंगसमोर धरली.

नेमसिंगनं हात पुढं केला नाही. म्हणाला, "पाय तोच हाय, मालक."

"तोच पाहिजे," बाबा म्हणाले.

रुपीबाई घरातून ते घुंगरू घेऊन आली. बाबानं टोपीवाल्या ड्रायव्हरले दिवाळीचा फराळ बांधून दिला अन् नागपूरच्या बसमध्ये बसवून दिलं. चौथा क्लच पासष्ट साली जळला. बाबानं कादरमिस्त्रीले बोलावलं, मटण आणवलं, अन् काहून जळला हे आमच्या घरात कोणी विचारलं नाही.